यंत्राच्या हातीं लेखणी

शाळेच्या कचेरींत लोखंडी कपाटांत जें जाड बांधणीचें जनरल रजिस्टर असतें, त्याकडे विद्यार्थ्यांचें लक्ष सहसा जात नाहीं. शाळेंत पहिलें पाऊल टाकलें तेव्हां आपलें नांव त्यांत चढलें, आणि शाळा सोडतांना मिळणारा दाखला त्यावरूनच उतरून मिळावयाचा, एवढाच त्याचा व आपला संबंध. परंतु ज्या कारकुनांनीं तें रजिस्टर वर्षानुवर्षें लिहिलें, त्यांची शिस्त पाहण्यासारखी असते. तेथें खाडाखोड चालत नाहीं. चुकलेला शब्द एका रेघेनें छेदून, वर तांबड्या शाईनें दुरुस्ती करून, तीवर मुख्याध्यापकांची सही घ्यावी लागते. जन्मतारखेसारखी नोंद बदलावयाची तर वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या परवानगीवांचून मुख्याध्यापकांनाही लेखणी उचलतां येत नाहीं. एका तारखेकरितां एवढा खटाटोप कां, असें कोणास वाटेल. त्याचें उत्तर सोपें आहे. त्या तारखेवर त्या मुलाचा पुढील प्रवेश, नोकरी व निवृत्ति अवलंबून असते.

आज ही नोंदवही बहुतेक ठिकाणीं संगणकांत गेली आहे. हजेरी, फी, गुण, ग्रंथालयाची देवघेव, शिष्यवृत्तीची यादी, हें सर्व आतां डेटाबेस नांवाच्या कोठारांत राहतें. या बदलाविरुद्ध तक्रार करण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतु नाहीं. शेंकडों पानें चाळून जें सांपडत नसे तें आतां क्षणांत सांपडतें, ही सोय कोण नाकारील? परंतु एका गोष्टीकडे विद्यार्थ्यांचें व त्यांच्या पालकांचें लक्ष वेधावें असें वाटतें. रजिस्टर लिहिणारा हात बदलला आहे. पूर्वीं तो कारकुनाचा हात होता. आतां तो प्रोग्रॅमचा, म्हणजे कोणीतरी आधींच लिहून ठेवलेल्या आज्ञांचा, हात आहे. आणि त्या आज्ञा लिहिण्याची विद्या आपल्याच वरच्या वर्गांतील मुलें-मुली शिकत आहेत. कारकुनाच्या हाताला जी शिस्त पिढ्यानपिढ्या लावली गेली, ती या नव्या हाताला लावण्याची तजवीज आपण करतों काय? माझ्या मतें करीत नाहीं. ती शिस्त पहिल्या धड्यापासूनच शिकविली पाहिजे, हें सांगण्यासाठीं हा लेख आहे.

प्रथम विषयाची थोडी ओळख करून दिली पाहिजे. 1970 सालीं एडगर कॉड या गणितज्ञानें, अमेरिकेंतील आय.बी.एम. कंपनीच्या सॅन होझे येथील प्रयोगशाळेंत काम करीत असतां, एक निबंध प्रसिद्ध केला. मोठ्या प्रमाणावरील माहिती साध्या कोष्टकांच्या रूपानें ठेवावी, आणि ती यंत्रांत कोठें व कशी सांठविली आहे याची चिंता तिचा उपयोग करणारावर लादूं नये, असें त्याचें प्रतिपादन होतें. 1974 सालीं त्याच कंपनींतील डॉनल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनीं त्या कोष्टकांशीं बोलण्याची एक भाषा सुचविली. तिलाच पुढें एस्क्यूएल हें नांव पडलें, व 1986 सालीं अमेरिकेंत तिला प्रमाणभाषेचा दर्जा मिळाला. या भाषेंतील मुख्य क्रिया चार: ओळी वाचणें, नवी ओळ घालणें, असलेली ओळ बदलणें, व ओळ काढून टाकणें. यांपैकीं बदलण्याच्या क्रियेला 'अपडेट' म्हणतात, आणि आजचा आपला विषय मुख्यतः तीच होय.

आतां प्रोग्रॅम या कोठारापर्यंत पोंचतो कसा, तें पाहूं. शाळेंतील मुलें हल्लीं बहुधा पायथन ही भाषा शिकतात. सीबीएसई बोर्डाच्या बारावीच्या संगणकशास्त्रांत तर पायथनमधून डेटाबेसशीं जोडणी करणें हा अभ्यासाचाच भाग आहे. ही जोडणी म्हणजे 'कनेक्शन'. एखाद्या पेढींत शिरतांना दारावरील पहारेकऱ्यास आपलें नांव व खूण सांगावी, त्याप्रमाणें प्रोग्रॅम डेटाबेसला आपलें नांव व पासवर्ड सांगतो. दार उघडलें कीं तो एस्क्यूएल भाषेंतील आज्ञा आंत पाठवितो. आज्ञेप्रमाणें बदल होतो, पण तो बहुधा कच्चा असतो. 'कमिट' म्हटल्यावर तो पक्का होतो. 'रोलबॅक' म्हटल्यास पूर्वस्थिति परत येते. शेवटीं कनेक्शन बंद करावें म्हणजे काम संपलें. पांच-सहा ओळींत हें सर्व लिहून होतें. पंधरा वर्षांच्या मुलास तें एका दुपारीं येतें, आणि आलें म्हणजे त्यास जो आनंद होतो तोही खरा असतो. अडचण एवढीच कीं, एका ओळीची नोंद बदलावयास जितकी मेहनत लागते तितक्याच मेहनतींत दहा हजार ओळी बदलतात.

ही अडचण मी पुस्तकांतून शिकलों नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं एका शाळेच्या ग्रंथालयाची देवघेव संगणकावर आणण्याचें काम मीं हौसेनें अंगावर घेतलें होतें. कोणतें पुस्तक कोणीं नेलें, केव्हां नेलें व केव्हां परत केलें, याची एकेक ओळ 'देवघेव' नांवाच्या कोष्टकांत पडत असे. मे महिन्याच्या अखेरीस ग्रंथपालांनीं सांगितलें कीं, 2318 क्रमांकाच्या ओळींत परत केल्याची तारीख चुकून पडली आहे. तें पुस्तक अद्याप आलेलें नाहीं. ती एक तारीख पुसणें एवढेंच काम होतें. मीं प्रोग्रॅममध्यें आज्ञा लिहिली: देवघेव या कोष्टकांत परत केल्याची तारीख रिकामी करावी. ती चालविली, कमिट केलें, यंत्रानें कसलीच कुरकुर केली नाहीं, आणि मी समाधानानें घरीं गेलों. आज्ञेचा शेवटचा भाग, ज्यास 'व्हेअर' म्हणतात, म्हणजे 'जेथें क्रमांक 2318 असेल तेथें' एवढे शब्द, लिहावयाचे राहून गेले होते.

'जेथें' सांगितलें नाहीं तर सर्वत्र, असा या भाषेचा नियम आहे. वर्षभरांत ज्या ज्या मुलानें पुस्तक परत आणून दिलें होतें, त्या प्रत्येकाची परतीची तारीख त्या एका आज्ञेनें नाहींशी झाली.

जून महिन्यांत दहावीचा निकाल लागला व मुलें दाखले नेण्यास येऊं लागलीं. पहिल्याच दिवशीं एका मुलास सांगण्यांत आलें कीं, तुझ्याकडे तीन पुस्तकें आहेत, तीं आणून दे, मग दाखला मिळेल. मुलगा म्हणाला, "सर, मी पुस्तकं परीक्षेच्या आधीच परत केलीत." त्यास उत्तर मिळालें, "बाळ, संगणकात तसं दिसत नाही." दुसऱ्या दिवशीं त्याचे वडील आले. ते गवंडीकाम करीत. त्या दिवसाचा रोज बुडवून आले होते. त्यांनीं वाद घातला नाहीं. तीन पुस्तकांची किंमत किती होते एवढेंच विचारलें, आणि पैसे मोजून दिले. मुलगा बाहेर पायरीवर मान खालीं घालून बसला होता. आपल्या बोलण्यापेक्षां वडिलांनीं संगणकावर अधिक विश्वास ठेवला, हें त्यानें पाहिलें होतें.

त्याच सकाळीं आणखी चार मुलें तीच तक्रार घेऊन आलीं, तेव्हां ग्रंथपालांस संशय आला व त्यांनीं मला बोलाविलें. कोष्टक उघडून पाहतों तों परतीच्या तारखांचा संपूर्ण रकाना रिकामा! सुदैवानें ग्रंथपाल जुन्या वळणाचे होते. पुस्तकांच्या खिशांतील शिक्के मारलेलीं कार्डें त्यांनीं टाकून दिलीं नव्हतीं. त्यांवरून सर्व तारखा पुन्हां भरण्यास आम्हांस तीन दिवस लागले. घेतलेले पैसे परत देण्यासाठीं व क्षमा मागण्यासाठीं मी त्या गृहस्थांच्या घरीं गेलों. ते म्हणाले, "साहेब, पोरगं खरं बोलत होतं एवढं कळलं, बरं झालं." याहून अधिक रागावून ते बोलले असते तर मला बरें वाटलें असतें.

या प्रसंगाचा मीं पुष्कळ विचार केला आहे. ती चूक अज्ञानाची नव्हती. 'व्हेअर' लिहावें लागतें हें मला चांगलें ठाऊक होतें. उणीव होती ती संवयीची. तांबडी शाई, एक रेघ व सही या तीन गोष्टी कारकुनास विद्वान करीत नाहींत. पण तो थकलेला असतां, घाईंत असतां, किंवा स्वतःच्या हुशारीवर खूष असतां त्यास सांवरतात. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलांसही अशाच संवयी हव्यात, आणि त्या फारशा कठीण नाहींत. मला ज्या अगदीं आवश्यक वाटतात त्या येथें सांगतों.

पहिली संवय मर्यादेची व मोजणीची. अपडेटची आज्ञा लिहितांना 'जेथें' हा भाग आधीं ठरवावा. त्याच मर्यादेनें प्रथम नुसतें वाचून पाहावें कीं किती ओळी हातीं लागतात. मग बदल करावा, आणि किती ओळी बदलल्या हा आंकडा पाहावा. पायथनमध्यें तो 'रोकाउंट' या नांवानें मिळतो. एक ओळ बदलावयाची होती व आंकडा एकाहून निराळा आला, तर कमिट न करतां रोलबॅक करावें. मीं त्या दिवशीं हा एक आंकडा पाहिला असता तर एका गरीब माणसाचा रोज बुडाला नसता. मोठे मोठे कारागीरही येथें चुकतात याची साक्ष डेटाबेस बनविणारांनींच दिली आहे. मायएस्क्यूएल या प्रसिद्ध डेटाबेसला आज्ञा देण्याच्या साधनांत अशी एक सोय आहे कीं, ती चालू केली असतां बेबंद अपडेट तें साधन स्वीकारीतच नाहीं. त्या सोयीस त्यांनीं 'मी मठ्ठ आहें' अशा अर्थाचें एक विनोदी नांवही ठेवलें आहे. आपण मठ्ठ आहों हें वेळेवर कबूल करणें यांत शहाणपण आहे.

दुसरी संवय आज्ञा व मजकूर वेगळे ठेवण्याची. ही जरा विस्तारानें सांगितली पाहिजे. आपल्या वसईकडील, मुंबईतील व गोव्यांतील पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबांचीं आडनांवें डिसूझा, डिमेलो, डिसिल्वा अशीं असतात. इंग्रजींत तीं लिहितांना अनेक जण 'डी' या अक्षरानंतर अपॉस्ट्रॉफी, म्हणजे वर एक लहानसें स्वल्पविरामासारखें चिन्ह, देतात. आतां एस्क्यूएल भाषेंत कोणताही मजकूर सांगावयाचा तर तो अशाच दोन चिन्हांच्या मध्यें ठेवावा लागतो. नवशिका विद्यार्थी काय करतो? आज्ञेचा अर्धा भाग, मग मुलाचें नांव, मग उरलेला भाग, असे तीन तुकडे चिकटवून एक वाक्य बनवितो व तें डेटाबेसकडे पाठवितो. पाटील, जाधव, शिंदे यांचीं नांवें बिनबोभाट जातात. डिसूझा आला कीं त्याच्या नांवांतील चिन्हापाशीं मजकूर संपला असें डेटाबेसला वाटतें, पुढील अक्षरांचा अर्थ लागत नाहीं, व आज्ञा मोडून पडते. त्या मुलाचा कांहींएक दोष नसतां त्याच्या आईबापांनीं ठेवलेलें नांव यंत्र घेत नाहीं. मग कोणीतरी कारकून सांगतो, "तें चिन्ह गाळून टाका," आणि त्या मुलाचें नांव जन्माच्या दाखल्यावर एक व शाळेच्या दाखल्यावर दुसरें होऊन बसतें.

ही झाली निष्पाप अडचण. परंतु ज्या भेगेंतून ही अडचण शिरते तींतूनच चोरही शिरतो. क्रमांकाच्या चौकटींत कोणीं क्रमांक न लिहितां 'पांच, किंवा एक बरोबर एक' अशा अर्थाचे शब्द लिहिले तर? एक हा एकाबरोबर सदैव असतोच. म्हणून मर्यादा सर्व ओळींस लागू पडते, आणि लिहिणाराची आज्ञा परक्याच्या इच्छेप्रमाणें चालते. या युक्तीस 'एस्क्यूएल इंजेक्शन' म्हणतात. 1998 पासून ती जगास माहीत आहे, तरी ऑक्टोबर 2015 मध्यें ब्रिटनमधील टॉकटॉक या टेलिफोन कंपनीच्या 1,56,959 ग्राहकांची खासगी माहिती याच मार्गानें चोरीस गेली. पुढील वर्षीं तेथील माहिती आयुक्तांनीं त्या कंपनीस चार लक्ष पौंड दंड केला. त्या प्रकरणांत गुन्हा कबूल करणारांत एक सतरा वर्षांचा मुलगा होता, ही गोष्ट आमच्या वाचकांनीं विसरूं नये. त्याच्यापाशीं बुद्धि होती. ती कोणत्या कामीं लावावी हें त्यास कळलें नाहीं.

यावरील उपाय लहान मुलासही समजेल असा आहे. शाळेचा छापील अर्ज पाहा. त्यांतील वाक्यें छापलेलीं असतात व मधें रिकाम्या जागा असतात. रिकाम्या जागेंत तुम्हीं कांहींही लिहिलें तरी छापील वाक्य बदलत नाहीं. लिहिलेलें केवळ मजकूर म्हणून वाचलें जातें. पायथनमधून आज्ञा पाठवितांना तसेंच करतां येतें. आज्ञेंत मजकुराच्या जागीं प्रश्नचिन्हासारखी एक खूण ठेवावयाची, आणि मजकूर निराळा पाठवावयाचा. मग डिसूझा सुखरूप आंत जातो, व चोराचे शब्द केवळ एक विचित्र मजकूर म्हणून पडून राहतात. तुकडे चिकटविण्यापेक्षां यास अधिक मेहनतही पडत नाहीं. असें असतां पहिल्या धड्यांत तुकडे चिकटविणें शिकवावें व 'सुरक्षितता' म्हणून हा उपाय शेवटच्या धड्यापर्यंत राखून ठेवावा, ही पद्धति मला मुळींच पटत नाहीं. वाईट वळण आधीं लावून मग तें मोडीत बसण्यांत काय फायदा?

तिसरी संवय सर्व किंवा कांहींच नाहीं, ही. एखाद्या मुलानें पुस्तक नेलें म्हणजे दोन नोंदी होतात: शिल्लक प्रतींतून एक वजा होते, व मुलाच्या खात्यावर एक ओळ चढते. पहिली नोंद झाली व दुसरीपूर्वीं वीज गेली, तर पुस्तक शिलकेंतूनही गेलें आणि कोणाच्या नांवावरही नाहीं. आपल्या दुकानदारांस ही गोष्ट नवी नाहीं. एका खात्यांत नांवें पडलेली रक्कम दुसऱ्या खात्यांत जमा झाली नाहीं तर रोजमेळ जुळत नाहीं, हें त्यांस बाळपणापासून माहीत असतें. जिम ग्रे या अमेरिकन संशोधकानें 1981 सालच्या एका निबंधांत हा विचार नीट मांडला व त्याचें मूळ करारनाम्याच्या कायद्यांत असल्याचें दाखविलें. करार दोघांच्या सह्या झाल्या तर होतो, नाहींतर होत नाहीं. अर्धा करार नसतो. अशा एकत्र बांधलेल्या नोंदींस 'ट्रॅन्झॅक्शन' म्हणतात. दोन्ही नोंदी नीट झाल्यावरच कमिट, मध्यें कांहीं बिघडल्यास रोलबॅक, असें प्रोग्रॅममध्यें स्पष्ट लिहिलेलें असावें. ग्रे यांस याच क्षेत्रांतील कामाबद्दल 1998 चें ट्युरिंग पारितोषिक मिळालें.

याच्या जोडीस आणखी एक बारकावा आहे. एका पुस्तकाच्या पांच प्रती आहेत व दोन खिडक्यांवर दोन मुलें एकाच वेळीं तें मागतात. दोन्ही प्रोग्रॅम 'पांच' वाचतात, दोघेही मनाशीं एक वजा करतात, व दोघेही 'चार' लिहितात. प्रती गेल्या दोन, वजा झाली एक. म्हणून आधीं वाचून, बाहेर हिशेब करून, मग लिहिण्यापेक्षां 'जी शिल्लक असेल तींतून एक वजा करावी, मात्र शिल्लक शून्याहून अधिक असेल तेथेंच' अशी आज्ञा डेटाबेसलाच द्यावी, व एक ओळ बदलली कीं नाहीं तें पाहावें. आपण एकटेच लिहीत नाहीं, ही जाणीव यांत आहे.

चौथी संवय दाराची व जुन्या नोंदीची. पासवर्ड प्रोग्रॅमच्या मजकुरांतच लिहून ठेवूं नये. मित्रास प्रोग्रॅम दाखविला कीं कोठाराची किल्लीही त्याच्या हातीं जाते. ज्या प्रोग्रॅमला केवळ वाचावयाचें आहे त्यास लिहिण्याचा अधिकार देऊं नये. काम झालें कीं कनेक्शन बंद करावें. एस्क्यूलाइट नांवाचा जो लहान डेटाबेस मुलें वापरतात त्यांत एका वेळीं एकालाच लिहितां येतें. एकानें बदल अर्धवट ठेवून दार अडविलें तर बाकीचे बाहेर तिष्ठत राहतात. आणि महत्त्वाची नोंद बदलतांना जुनी नोंद, बदलणाराचें नांव व वेळ हीं निराळ्या कोष्टकांत राखावीं. तांबड्या शाईचें हें नवें रूप होय. शिवाय संपूर्ण कोठाराची नक्कल वेळोवेळीं घेऊन ती उघडते कीं नाहीं हें पाहावें. माझ्या हातून चूक झाली तेव्हां अशी नक्कल मजपाशीं नव्हती. कार्डें होतीं म्हणून निभावलें.

यावर कांहीं शिक्षकबंधु म्हणतील कीं, मुलांना आधीं गोडी तर लागूं द्या. नियमांच्या ओझ्यानें त्यांचा उत्साह मावळेल. हा आक्षेप प्रामाणिक आहे. पण सुतारशाळेंत पहिल्या दिवशींच पटाशी आपल्या हाताकडे रोखून धरूं नये असें शिकवितात, आणि त्यानें कोणा मुलाची सुतारकामाची गोडी गेल्याचें ऐकिवांत नाहीं. शिवाय पटाशी लागते ती धरणाराच्या हाताला. अपडेट लागते ती दुसऱ्याच्या. म्हणून येथें सावधगिरीचें कारण अधिक आहे.

दुसरे कोणी म्हणतील कीं, आतां प्रोग्रॅम लिहून देणारीं यंत्रेंच निघालीं आहेत. 2022 च्या नोव्हेंबरांत चॅटजीपीटी लोकांपुढें आल्यापासून मुलें अशीं साधनें सर्रास वापरतात. मग हे बारकावे त्यांनीं कशास शिकावे? मला उलट वाटतें. अशा साधनानें दिलेला प्रोग्रॅम पुष्कळदां चांगला असतो, पण तो चांगला आहे कीं नाहीं हें ओळखण्यास वाचणारास तरी ज्ञान हवें. कारकुनानें लिहिलेल्या दाखल्यावर मुख्याध्यापक सही करतात ती न वाचतां करीत नाहींत. जो कमिट म्हणतो त्याची ती सही आहे. मजकूर कोणीं का लिहिलेला असेना.

तेव्हां माझ्या सूचना थोड्या आहेत. शिक्षकांनीं प्रात्यक्षिकाच्या परीक्षेंत प्रोग्रॅम चालला एवढ्यावरच गुण देऊं नयेत. अपॉस्ट्रॉफीचें आडनांव घालून पाहावें, दोन नोंदींच्या मध्यें प्रोग्रॅम बंद पाडून पाहावा, किती ओळी बदलल्या हें विचारावें, व त्या उत्तरांस गुण ठेवावे. सराव नेहमीं नकलेवर करावा, खऱ्या कोठारावर कधींही नाहीं. शाळेच्या कचेऱ्यांनीं संगणकाचें व मुलाचें म्हणणें जुळत नसेल तर मूल खोटें बोलतें असें गृहीत धरूं नये. जुना कागद एकदां काढून पाहावा. आणि पालकांस माझी विनंति अशी कीं, मुलगा किंवा मुलगी घरीं येऊन आपण डेटाबेसचा प्रोग्रॅम केला असें हर्षानें सांगेल तेव्हां कौतुक अवश्य करावें, आणि मग सहज विचारावें, "त्यांत नोंदी कोणाच्या आहेत? चुकल्या तर परत कशा आणशील?" या प्रश्नांस संगणकशास्त्राचें ज्ञान लागत नाहीं. जमाखर्चाची वही ठेवणारी कोणतीही गृहिणी ते विचारूं शकते.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं कित्येक जण पुढें रुग्णालयें, पेढ्या, रेल्वे व सरकारी कचेऱ्या यांचीं कोठारें सांभाळाल. तेथील प्रत्येक ओळीच्या मागें एखादा माणूस असेल, आणि तुम्हीं त्याची नोंद बदलली हें बहुधा त्यास कळणारही नाहीं. खिडकीपाशीं नकार मिळेल तेव्हांच कळेल. त्या गवंड्याच्या मुलानें पुढें काय केलें असें तुम्ही विचाराल. त्यानें अकरावीस प्रवेश घेतला, आणि दुसऱ्या वर्षीं ग्रंथालयाच्या कामांत मला मदत करण्यास तो आपण होऊन आला. पहिल्याच दिवशीं मीं एक आज्ञा लिहून चालविण्यास हात पुढें केला, तेव्हां तो मागून म्हणाला, "सर, आधी किती ओळी येतात ते बघूया का?"

आम्हीं पाहिलें. एकच ओळ आली. मग कमिट केलें.